आपला संघ कोणता?

झाशीच्या राणीचे नाव धारण करणारे लक्ष्मीबाई नगर ही दक्षिण दिल्लीतील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची एक वसाहत. शेजारी सरोजिनी नगर, नौरोजी नगर आणि किदवई नगर, आणि हाकेच्या अंतरावर आयएनएचा बाजार. बदलीचा हुकूम घेऊन आलेली बंगाली, तमिळ, पंजाबी, मलयाळी आणि मराठी बिऱ्हाडे येथे एकाच जिन्यावर नांदत आली. नव्या बिऱ्हाडाला पहिल्याच दिवशी प्रश्न विचारला जाई, "तुमचं गाव कोणतं?" वडीलधारी माणसे सातारा, रत्नागिरी, नागपूर असे चटकन सांगत. मुले मात्र क्षणभर अडखळत. त्यांचे जन्म दिल्लीतले, खेळातली बोली अर्धी हिंदी, आणि गाव म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेले आजोळ. गाव कोणते, हे त्यांना नेमके सांगता येत नसे.

या अडखळण्याची खरी परीक्षा क्रीडांगणावर होई. दिल्ली आणि मुंबई समोरासमोर आल्या की "आपला संघ कोणता?" या प्रश्नाला बगल देता येत नसे. १९८० ते १९८७ या काळात दिल्लीच्या मैदानांवर जे सामने झाले, त्यांनी दिल्लीकर मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा केला. त्या काळी शाळेत असलेले विद्यार्थी आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणींतील त्या दशकाचा हा धांडोळा.

दोन कोटले

लक्ष्मीबाई नगरच्या मुलांना प्रथम उलगडा करून घ्यावा लागे तो दोन कोटल्यांचा. घराजवळचा कोटला म्हणजे कोटला मुबारकपूर. तेथे भांडी, कापड आणि भाजी मिळे. क्रिकेटचा कोटला दूर, दिल्ली गेटजवळ, चौदाव्या शतकातील सुलतान फिरोजशाह तुघलकाच्या पडक्या किल्ल्याच्या सावलीत. तेथे बसने जावे लागे. हिवाळ्यातील कोवळे ऊन, पिशवीत पोळीभाजीचा डबा, संत्री आणि भुईमुगाच्या शेंगा, कानाशी ट्रान्झिस्टर, असा तो दिवसभराचा सोहळा असे.

या मैदानाशी मराठी नावांचा संबंध फार जुना आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये येथे पहिला कसोटी सामना वेस्ट इंडीजविरुद्ध झाला, तेव्हा पुण्यात जन्मलेल्या हेमू अधिकारींनी नाबाद ११४ धावा केल्या. १९५२ साली पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत याच मैदानावर विजय हजारे यांनी ७६ आणि अधिकारींनी नाबाद ८१ धावा काढल्या. अधिकारी आणि गुलाम अहमद यांनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या आणि विनू मंकड यांनी तेरा बळी घेऊन सामना जिंकून दिला. अधिकारी हे लष्करी अधिकारी होते. नोकरीनिमित्त देशभर फिरणाऱ्या माणसाचे गाव कोणते, हा प्रश्न त्यांनाही कोणी ना कोणी विचारला असेलच.

मुंबई आली आणि हरली

रणजी करंडक म्हणजे मुंबईची मिरास, अशी मराठी घरांतील समजूत होती आणि तिला आधारही भक्कम होता. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे हा करंडक मुंबईकडेच होता. १९७६-७७ च्या हंगामात दिल्लीने अंतिम फेरी गाठली आणि कोटल्यावरच मुंबईशी तिची गाठ पडली. मुंबईने तो सामना १२९ धावांनी जिंकला. वसाहतीतील मराठी मंडळींना त्यात विशेष काही वाटले नाही. जे व्हायचे तेच झाले होते.

तीन वर्षांत चित्र पालटले. बिशनसिंग बेदी यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीने १९७८-७९ मध्ये बंगळुरूत कर्नाटकाला हरवून पहिल्यांदा करंडक आणला. पुढच्याच हंगामाच्या अंतिम फेरीत, १९८० साली, मुंबई पुन्हा कोटल्यावर आली. या वेळी दिल्लीने तिचा २४० धावांनी पराभव केला.

हा निकाल मराठी घरांत दोन तऱ्हांनी ऐकला गेला. वडील मुंबईच्या बाजूने होते, मुलगा दिल्लीच्या. त्या मुलाची बाजू मांडायला एक साक्षीदारही होता. दिल्ली संघाचे सलामीचे फलंदाज चेतन चौहान हे सैनिकी घराण्यातले. जन्म बरेलीचा, वडिलांच्या बदलीमुळे ते लहानपणी पुण्यात आले, वाडिया महाविद्यालयात शिकले, कमल भांडारकरांच्या तालमीत तयार झाले आणि महाराष्ट्राकडून खेळले. १९७५ साली ते दिल्लीला आले आणि दिल्लीचे झाले. १९७९ मध्ये ओव्हल मैदानावर त्यांनी गावसकरांसह सलामीला २१३ धावांची भागी केली होती, ती तर सर्वांच्या तोंडी होती. पुण्यात वाढलेला माणूस दिल्लीकडून मुंबईविरुद्ध खेळतो आणि कोणी त्याला परका म्हणत नाही, मग लक्ष्मीबाई नगरातल्या मुलानेच का संकोचावे?

दोन वर्षांनंतरच्या अंतिम सामन्यात मराठी संघ नव्हता, त्यामुळे मनाची ओढाताणही नव्हती. मार्च १९८२ मध्ये कोटल्यावर कर्नाटकाने पहिल्या डावात ७०५ धावांचा डोंगर रचला. ब्रिजेश पटेल, सय्यद किरमाणी आणि रॉजर बिन्नी यांनी शतके केली. एवढ्या धावसंख्येनंतर सामना संपल्यातच जमा होता. मोहिंदर अमरनाथ यांच्या १८५ आणि गुरुशरण सिंग यांच्या १०१ धावांनंतरही दिल्लीचे आठ गडी ५८९ धावांवर बाद झाले होते. तेथून राकेश शुक्ला आणि राजेश पीटर या दोन गोलंदाजांनी नवव्या गड्यासाठी अभंग ११८ धावा जोडल्या. दिल्ली ८ बाद ७०७. अवघ्या दोन धावांच्या आघाडीवर करंडक दिल्लीचा झाला. शुक्ला नाबाद ६९, पीटर नाबाद ६७. परीक्षेत सोपे प्रश्न संपल्यावर खरी कसोटी लागते, हे सांगण्यासाठी पुढे वर्गावर्गांतून या दोघांचे नाव घ्यावे, अशी ती भागी होती.

घरापर्यंत आलेले आशिया

१९ नोव्हेंबर १९८२ रोजी नवव्या आशियाई क्रीडा स्पर्धांना प्रारंभ झाला. तेहतीस देशांचे खेळाडू दिल्लीत आले. जवाहरलाल नेहरू स्टेडियम लोदी वसाहतीच्या पलीकडेच उभे राहिले. लक्ष्मीबाई नगरातून पायी जाता येईल असे क्रीडांगण प्रथमच झाले होते. मूलचंदचा उड्डाणपूल, सिरी फोर्टजवळील खेळाडूंचे ग्राम, यमुनाकाठचे बंदिस्त क्रीडागृह आणि तालकटोऱ्याचा जलतरण तलाव अशी शहराची नवी ओळख थोड्या काळात तयार झाली. अप्पू नावाचा हत्तीचा छावा वह्यांच्या वेष्टनांवर आला. दूरदर्शनवर रंग आले, तेही त्याच वर्षी. ज्या घरी रंगीत संच होता, तेथे साऱ्या जिन्याची बैठक भरे.

भारताने १३ सुवर्ण, १९ रौप्य आणि २५ कांस्य अशी ५७ पदके मिळवली. संख्येपेक्षा मुलींच्या मनावर ठसली ती काही नावे. एम. डी. वल्सम्माने ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. अठरा वर्षांच्या पी. टी. उषाने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदके मिळवली. महिला हॉकीचा समावेश या स्पर्धांत पहिल्यांदाच झाला होता आणि पहिलेच सुवर्णपदक भारताने पटकावले. त्या संघाची कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. "मुलींनी मैदानावर काय करायचे?" असे विचारणाऱ्या घरांना त्या पंधरवड्यात आपसूक उत्तर मिळाले. कबड्डी या स्पर्धांत प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळली गेली. पदक नव्हते, पण महाराष्ट्राच्या मातीतील खेळाला आशियाच्या मैदानावर जागा मिळाली. १९९० मध्ये बीजिंगच्या स्पर्धांत तिला पूर्ण मान मिळाला.

कुस्तीत शंभर किलो गटाचे सुवर्ण सतपाल यांनी जिंकले. सतपाल दिल्लीचे, गुरु हनुमान यांच्या आखाड्यातले. मराठी घरांत हे नाव प्रतिस्पर्धी म्हणून ठाऊक होते. कोल्हापूरच्या खासबागेत युवराज पाटलांनी सतपालना चीत केले, ती हकीकत कोल्हापूर-सांगलीकडची माणसे दिल्लीतही रंगवून सांगत. खासबागेत ज्याच्या पराभवावर फेटे उडाले, त्याच मल्लाच्या विजयावर आता त्याच घरांत टाळ्या पडल्या. मैदान बदलले की 'आपला' या शब्दाचे क्षेत्र कसे वाढते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

मात्र त्याच स्पर्धांनी एक खोल जखमही दिली. १ डिसेंबर १९८२ रोजी नॅशनल स्टेडियमवर पुरुष हॉकीचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने भारताला १-७ असे हरवले. जमलेली गर्दी निःशब्द झाली आणि मग तिचा राग गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्यावर वळला. त्यांच्या निष्ठेवरच संशय घेण्यात आला. अकरा जणांचा पराभव एका माणसाच्या माथी मारण्यात आला. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धांत भारतीय महिला हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघाच्या गोलरक्षकांना घडवणारे प्रशिक्षक हेच नेगी होते. मधल्या वीस वर्षांचा हिशेब प्रेक्षकांनी स्वतःशी मांडावा असा आहे. जिंकताना संघ 'आपला' आणि हरताना खेळाडू 'त्यांचा', हा व्यवहार प्रेक्षकाला शोभत नाही. तो वर्गातही शोभत नाही आणि घरीही नाही. नापास झालेल्या मुलाला "कोणाचा मुलगा?" असे विचारणारे घर हीच चूक करत असते.

एकोणतिसावे शतक

जून १९८३ मध्ये कपिल देव यांच्या संघाने लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजला हरवून विश्वचषक जिंकला. त्याच शरदात क्लाइव्ह लॉइडचा संघ भारतात आला तो उट्टे काढण्यासाठीच. कानपूरच्या पहिल्या कसोटीत भारत एका डावाने हरला. सुनील गावसकर दोन डावांत ० आणि ७ धावांवर बाद झाले. माल्कम मार्शलच्या एका चेंडूने त्यांच्या हातातील बॅट उडाली. गावसकर संपले, असे बोलले जाऊ लागले.

२९ ऑक्टोबर १९८३ रोजी कोटल्यावर दुसरी कसोटी सुरू झाली. बचावाची भिंत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावसकरांनी त्या सकाळी मार्शलला हुकचे फटके मारले. अर्धशतक ३७ चेंडूंत आणि शतक ९४ चेंडूंत पूर्ण झाले. हे त्यांचे एकोणतिसावे कसोटी शतक. डॉन ब्रॅडमन यांच्या विक्रमाशी त्यांनी बरोबरी साधली होती. १२१ धावांवर ते बाद झाले. त्याच डावात दिलीप वेंगसरकर यांनी १५९ धावा केल्या आणि भारताने ४६४ धावसंख्या गाठली. सामना अनिर्णित राहिला.

मुंबईचे दोन फलंदाज, दिल्लीचे मैदान आणि टाळ्या वाजवणारे सारे दिल्लीकर. १९८० साली वडील आणि मुलगा ज्या मैदानावर दोन बाजूंना होते, तेथे त्या दिवशी ते एकाच बाजूस होते. मुंबईला आपले म्हणण्यासाठी दिल्लीला परके म्हणण्याची गरज नाही, ही गोष्ट कोणी समजावून सांगितली नाही. ती त्या सकाळी सहज समजली.

प्रकाशझोत आणि काळोख

२८ सप्टेंबर १९८४ रोजी जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात विद्युतझोतात सामना झाला. भारतात प्रकाशझोतात खेळला गेलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना. केप्लर वेसेल्सच्या शतकाच्या जोरावर ऑस्ट्रेलियाने तो ४८ धावांनी जिंकला. पण रात्री क्रिकेट खेळता येते याचे अप्रूप पराभवाहून मोठे होते.

त्यानंतर महिनाभराने, ३१ ऑक्टोबरला, पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली. पुढचे तीन-चार दिवस या शहराच्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणे दिवस ठरले. हजारो शीख बांधवांना प्राण गमवावे लागले. एकाच जिन्यावर राहणाऱ्या, एकाच बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांत "आपला कोण?" हा प्रश्न अचानक जीवघेणा झाला. चार वर्षांपूर्वी ज्या कर्णधाराच्या विजयावर दिल्ली नाचली होती, तो कर्णधारही शीखच होता, हे शहर त्या दिवसांत विसरले. या प्रश्नाचे उत्तर खेळात चुकले तर फार तर एखादी संध्याकाळ वाया जाते. समाजात ते चुकले तर काय होते, हे दिल्लीने पाहिले.

सहा आठवड्यांनी, १२ डिसेंबरला, कोटल्यावर इंग्लंडविरुद्धची कसोटी सुरू झाली. शिवरामकृष्णनने पहिल्या डावात ९९ धावांत सहा बळी घेतले, टिम रॉबिन्सनने १६० धावा काढल्या. अखेरच्या दिवशी सामना अनिर्णित राहणार असे वाटत असताना भारताचा डाव २३५ धावांत कोसळला. संदीप पाटील ४१ धावांवर उंच फटका मारण्याच्या मोहात झेल देऊन बसले. कपिल देव एक षटकार ठोकून लगेच बाद झाले. इंग्लंडने आठ गडी राखून विजय मिळवला. कोलकात्याच्या पुढील कसोटीतून दोघांनाही वगळण्यात आले. कपिल परतले. पाटील मात्र पुन्हा कधी कसोटी खेळले नाहीत. १९८२ मध्ये मँचेस्टरला बॉब विलिसच्या एकाच षटकात सहा चौकार मारणाऱ्या फलंदाजाची कसोटी कारकीर्द कोटल्यावर संपली. कोलकात्याच्या त्या कसोटीत मोहम्मद अझरुद्दीन या तरुणाने पदार्पणातच शतक झळकावले.

निरोप आणि नवी पिढी

तो अझरुद्दीन २२ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकाच्या सामन्यासाठी कोटल्यावर उतरला. प्रतिस्पर्धी ऑस्ट्रेलिया. भारताने ६ बाद २८९ धावा केल्या. गावसकर ६१, सिद्धू ५१, वेंगसरकर ६३ आणि अझरुद्दीन नाबाद ५४. पुढे चेंडू हाती घेऊन अझरुद्दीनने १९ धावांत तीन बळीही टिपले. भारत ५६ धावांनी जिंकला. दोनच आठवड्यांनी गावसकर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाले. कोटल्यावरील प्रेक्षकांनी त्यांना भारतासाठी खेळताना पाहिले ते त्या दिवशी शेवटचे.

महिनाभरात, २५ नोव्हेंबरला, वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी त्याच मैदानावर सुरू झाली आणि भारताच्या नेतृत्वाची धुरा प्रथमच वेंगसरकरांकडे आली. पहिला डाव ७५ धावांत आटोपला. कर्णधारपदाची याहून कठोर सुरुवात कल्पिणे कठीण. दुसऱ्या डावात स्वतः वेंगसरकरांनी १०२ धावा करून डाव ३२७ पर्यंत नेला. विजयासाठी हव्या असलेल्या २७६ धावा व्हिव्हियन रिचर्ड्सच्या नाबाद १०९ धावांमुळे वेस्ट इंडीजने पाच गडी राखून पूर्ण केल्या. संजय मांजरेकर यांचेही हे कसोटी पदार्पण. दुसऱ्या डावात चेंडू लागून जखमी झाल्याने त्यांना मैदान सोडावे लागले, पण पुढे ते भारताचे प्रमुख फलंदाज झाले. सामना हरला, तरी ७५ धावांच्या नामुष्कीनंतर शतक काढणारा कर्णधार प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला.

उत्तर

या सामन्यांची बेरीज मांडली, तर विजयांइतकेच पराभवही पदरी येतात. रणजीच्या रणांगणात मुंबईनेही वानखेडेवर परतफेड केली. १९८०-८१, १९८३-८४ आणि १९८४-८५ या तिन्ही हंगामांत तिने अंतिम फेरीत दिल्लीलाच नमवले. १९८४-८५ च्या लढतीत रवी शास्त्री यांनी शेवटच्या डावात आठ बळी घेतले, तेव्हा वडील हसले आणि मुलगा गप्प बसला. पण तोवर घरातील वादाची धार बोथट झाली होती. एका घरात दोन संघ असू शकतात, हे मान्य झाले होते.

त्या मुलांपैकी कोणी आज गुरुग्रामला, कोणी नोएडाला, कोणी पुण्याला, तर कोणी सातासमुद्रापलीकडे आहे. त्यांच्या मुलांनाही नव्या वर्गात विचारले जाते, "तुमचं गाव कोणतं?" तीही क्षणभर अडखळत असतील. कोटल्याचे नाव २०१९ साली अरुण जेटली स्टेडियम झाले, तरी जुने दिल्लीकर त्याला कोटलाच म्हणतात. माणसाचेही तसेच आहे. पत्ता बदलला तरी जुने नाव पुसले जात नाही आणि जुने नाव जपण्यासाठी नवा पत्ता नाकारावा लागत नाही.

मराठी शाळेने दिल्लीत साठ वर्षे हेच काम केले. मुलांना मराठी दिली आणि त्यांच्याकडून दिल्ली काढून घेतली नाही. शाळेच्या पटांगणावर संघ पाडताना "तू कोणाकडून?" असे विचारले जाते, तेव्हा ज्या बाजूला खेळाडू कमी असतील, त्या बाजूला मूल जाऊन उभे राहते आणि मन लावून खेळते. १९८० साली कोटल्याच्या पायऱ्यांवर बसून अडखळलेल्या मुलाला हवे होते ते उत्तर बहुधा हेच होते.